टायरच्या हवेचा सेन्सर: आतला घ्यावा की बाहेरचा?

रेडियल टायर खालच्या बाजूला थोडा फुगलेला दिसतो, हवा बरोबर असली तरी. त्यामुळे ३३ पीएसआयची हवा २५ वर आली तरी उभ्या गाडीकडे पाहून ते ओळखता येत नाही. गाडी एका बाजूला ओढू लागेपर्यंत हवा आणखी उतरलेली असते. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकल्याने तापते, आणि तापलेल्या रबराची आतल्या थरांवरची पकड सुटत जाते. शहरात ४० च्या वेगाने दहा मिनिटं फिरताना हे खपून जातं. समृद्धी महामार्गावर तास-दोन तास सलग १२० च्या वेगाने जाताना खपत नाही.

टीपीएमएस, म्हणजे टायरमधली हवा सतत मोजून चालकाला सांगणारी यंत्रणा, त्यासाठीच असते. बाजारात तिचे सेन्सर दोन तऱ्हांचे मिळतात. रिमच्या आत बसणारा तो आतला, आणि व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचा तो बाहेरचा. दुकानात गेलात की तुलना स्क्रीनची, रंगांची आणि अ‍ॅपची होते. प्रत्यक्षात निवड ठरते ती तुमच्या चाकाचा व्हॉल्व्ह, टायरचं वय आणि गाडी उभी राहते ती जागा यांवर. म्हणून खरेदीकडे शेवटी वळू.

१. गाडीत टीपीएमएस आधीच आहे का?

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर काही क्षण घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि त्यात उद्गारवाचक खूण दिसली, तर यंत्रणा आहे. ती कोणत्या जातीची आहे ते मात्र तपासावं लागतं.

प्रत्येक टायरचा आकडा पीएसआय किंवा केपीए या हवेच्या दाबाच्या एककांत दिसत असेल तर चाकांत सेन्सर आहेत, आणि तुम्हाला नवं काही घ्यायची गरज नाही. आकडा न दिसता फक्त दिवा लागत असेल, तर बहुधा ती अप्रत्यक्ष यंत्रणा आहे. तिच्यात हवेचा सेन्सरच नसतो. हवा कमी झालेल्या चाकाचा व्यास किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जास्त फेऱ्या घेतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर तो फरक पकडतात. तिच्यातल्या दोन उणिवा लक्षात ठेवा. एक, चारही टायरांची हवा सारखीच उतरली, जसं महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू होतं, तर तिला फरक सापडत नाही. दोन, हवा भरल्यावर दर वेळी रीसेटचं बटण दाबावं लागतं. कमी हवेवर कुणी रीसेट दाबलं, तर यंत्रणा तीच हवा योग्य धरून चालते.

तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये टीपीएमएस आहे म्हणून बाहेरून सेन्सर घेतले की आकडे गाडीच्या मीटरमध्ये दिसतील, असं समजू नका. बाहेरचं किट आपल्याच स्क्रीनवर किंवा फोनवर दाखवतं.

२. टायर ट्यूबलेस आहे ना?

आतला सेन्सर ट्यूबलेस टायरमध्येच बसतो. ट्यूब असेल तर तो पर्याय बाद. बाहेरचा ट्यूबच्या व्हॉल्व्हवर बसू शकतो, पण त्या लांब रबरी देठावर वजन लटकवणं चांगलं नाही. अशा गाडीसाठी पुढच्या टायरबदलाला ट्यूबलेस करून घ्या आणि तोपर्यंत चांगला हवामापक वापरा.

३. व्हॉल्व्ह हाताने वाकवून पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

गाडीसोबत आलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा रबरी असतो, रिमच्या साधारण ११.५ मिमीच्या भोकात ओढून बसवलेला. टायरवाले त्याला नुसतं ‘ट्यूबलेस व्हॉल्व्ह’ म्हणतात. प्रवासी गाड्यांत सर्रास दिसणारा नंबर टीआर४१३. हा देठ बनवताना गृहीत धरलेलं वजन म्हणजे प्लास्टिकची एक हलकी टोपी. तिच्या जागी बाहेरचा सेन्सर लावला की टोकाला साधारण ८ ते १२ ग्रॅम येतात.

दहा ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत, म्हणून हिशोब करून पाहू. ताशी १०० किमी वेगाला, टायरची त्रिज्या ३० सेंमी आणि व्हॉल्व्हचं टोक केंद्रापासून १७ सेंमी धरलं, तर त्या टोकावरचा केंद्रोत्सारी जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट येतो. म्हणजे दहा ग्रॅमचा सेन्सर रबरी देठाला दीड किलोच्या जोराने बाहेर ओढतो. १२० च्या वेगाला हाच जोर दोन किलोच्या पुढे जातो. गाडी थांबली की देठ सरळ, निघाली की पुन्हा वाकडा. महिनोन्‌महिने असं झालं की रबराला मुळाशी, रिमच्या भोकालगत, बारीक चिरा पडतात. हवा तिथून हळू झिरपू लागते, आणि एखाद्या दिवशी देठ तुटला तर टायर काही क्षणांत बसतो. हवा गळू नये म्हणून लावलेली वस्तूच मग गळतीचं कारण ठरते.

तपासायचं असं: चाक फिरवून व्हॉल्व्ह वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. टोपी काढा, देठ बोटाने एका बाजूला वाकवा आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्या मुळाशी धरा. चांगल्या रबराचा पृष्ठभाग वाकलेल्या अवस्थेतही सलग दिसतो. जुन्या रबरावर आडव्या केसासारख्या रेषा उघडतात आणि देठ सोडला की मिटतात, म्हणून न वाकवता पाहिलं तर त्या नजरेतून सुटतात. रेषा दिसल्या तर सेन्सरचा विचार बाजूला ठेवा, आधी व्हॉल्व्ह बदला.

बाहेरचा सेन्सर लावायचा असेल तर रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचा, नटाने आवळून बसणारा व्हॉल्व्ह घालून घ्या, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. लांबीने आखूड घ्या. सेन्सर रिमच्या कडेबाहेर डोकावला तर फुटपाथच्या कडेला घासतो. धातू पितळ असावा, वर निकेलचा मुलामा चालेल. अ‍ॅल्युमिनियमचा नको, कारण सेन्सरच्या आतले आटे बहुधा पितळी असतात. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि ओलावा एकत्र आले की आटे गंजून एकमेकांत जाम होतात. रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबई, जिथे खारी हवा आहे तिथे हे एका पावसाळ्यात होऊ शकतं. मग सेन्सर काढताना अख्खा व्हॉल्व्हच फिरू लागतो.

आता गंमत अशी की धातूचा व्हॉल्व्ह घालायला टायर रिमवरून उतरवावाच लागतो. म्हणजे ‘बाहेरचा सेन्सर घरच्या घरी पाच मिनिटांत’ हा त्याचा मोठा फायदा तिथेच निम्मा होतो. आणि टायर उतरवायचाच आहे तर आतलाच सेन्सर का नको, हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

४. टायरचं वय आणि सेन्सरची बॅटरी यांचा मेळ घाला

आतल्या सेन्सरची बॅटरी त्याच्यातच कायमची बंद केलेली असते. ती साधारण पाच ते सात वर्षं चालते. संपली की बॅटरी बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो, आणि त्यासाठी टायर पुन्हा उतरवावा लागतो. बाहेरच्या सेन्सरमध्ये बटणासारखा सेल असतो, बहुतेकदा सीआर१६३२. तो वर्ष-दोन वर्षांत संपतो, पण घरी बदलता येतो.

हिशोब असा मांडा. टायर नुकतेच बदलणार असाल, तर आतला सेन्सर त्याच वेळी बसवा. टायर उतरवणं, चढवणं, बॅलन्सिंग हे तुम्ही तसंही करणारच आहात. सेन्सर आणि टायर साधारण एकाच सुमाराला संपतील आणि दोन्ही एकदमच बदलले जातील. टायर अर्ध्या आयुष्यावर असतील आणि आज आतला सेन्सर घातला, तर पुढच्या नव्या टायरांच्या मध्यावर बॅटरी संपेल आणि चांगले टायर पुन्हा उतरवावे लागतील. अशा वेळी दोन वर्षं बाहेरचा वापरून, नव्या टायरसोबत आतला घेणं शहाणपणाचं. येत्या एक-दोन वर्षांत गाडी विकायची असेल तरीही बाहेरचाच बरा, तो काढून पुढच्या गाडीला लावता येतो.

टायर किती जुना आहे ते त्याच्या बाजूवर लिहिलेलं असतं. ‘डॉट’ या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा.

५. गाडी उभी कुठे राहते, हवा कोण भरतं?

गाडी रस्त्यावर किंवा सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये राहत असेल, तर बाहेरचे सेन्सर चोरीला जातात. किटमध्ये चोरीविरोधी नट देतात, पण साधा पाना असलेला कुणीही तो सोडवू शकतो. मुलं गंमत म्हणूनही सेन्सर फिरवून ठेवतात, आणि अर्धवट ढिला सेन्सर रात्रभर हवा सोडत राहतो.

हवा भरण्याची गोष्टही तशीच. बाहेरच्या सेन्सरला दर वेळी नट सोडवा, सेन्सर काढा, हवा भरा, सेन्सर लावा, नट आवळा, असं चारदा करावं लागतं. पेट्रोल पंपावर मागे रांग असताना हे घाईत होतं आणि पुढचा डावा सेन्सर मागच्या उजव्या चाकावर बसतो. मग इशारा एका चाकाचा येतो आणि पंक्चर दुसऱ्याच चाकाला असतं. स्वतःचा हवा भरायचा पंप असेल आणि हवा घरी सावकाश भरत असाल, तर ही अडचण उरत नाही. आतल्या सेन्सरला हवा नेहमीसारखीच भरता येते, पंपावरच्या माणसाला सेन्सर आहे हे कळतही नाही.

६. आता ठरवा

आतला घ्या: टायर बदलायचे आहेत, गाडी उघड्यावर उभी असते, महामार्गावरचा प्रवास जास्त आहे, आणि गाडी निदान चार-पाच वर्षं ठेवायची आहे.

बाहेरचा घ्या: टायर मधल्या वयाचे आहेत, गाडी बंद जागेत असते, हवा तुम्ही स्वतः भरता, आणि धातूचे व्हॉल्व्ह घालायची तयारी आहे. रबरी व्हॉल्व्हवरच लावायचा असेल तर व्हॉल्व्ह नवे असू द्या, सेन्सर शक्य तितका हलका घ्या आणि दर महिन्याला देठ वाकवून पाहा. महामार्गावर नेहमी वेगाने जाणाऱ्या गाडीला मात्र आम्ही हा मार्ग सुचवणार नाही.

स्टीलच्या रिमवर प्लास्टिकचं व्हील कव्हर असेल, तर बाहेरचा सेन्सर त्याच्या खिडकीतून नीट बाहेर येतो का ते आधी पाहा. कव्हर सेन्सरवर दाबलं जात असेल तर ते लावूच नका. आतल्या सेन्सरसाठीही स्टीलच्या रिमला ओढून बसणाऱ्या रबरी देठाचा प्रकार लागू शकतो, कारण धातूच्या देठाला रिमवर सपाट बैठक लागते. त्या रबरी देठाची रचना वेगळी असते आणि सेन्सरचा भार रिमच्या आत असतो, त्यामुळे वर सांगितलेला धोका त्याला तसाच लागू होत नाही.

७. खरेदी करताना

- फ्रिक्वेन्सी ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ हवी. अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्‌झचे सेन्सर खूप चालतात. तिथे असलेले नातेवाईक येताना किट आणणार असतील, तर पाकिटावरचा हा आकडा आधी विचारा.
- ब्लूटूथवाले किट फोनवर चालतात, पण अ‍ॅप पार्श्वभूमीला सतत सुरू राहावं लागतं. बरेच फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप बंद करतात आणि इशारा येतच नाही. वेगळी स्क्रीन असलेलं किट जास्त भरवशाचं.
- सौर स्क्रीन विंडशील्डखाली उन्हात पडून असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. त्या उष्णतेत आतली लिथियम बॅटरी फुगते आणि चिकटपट्टी सुटते. यूएसबीवर चालणारी, सावलीत बसवता येणारी स्क्रीन मिळाली तर ती घ्या.
- एक-एक सेन्सर सुटा मिळतो का ते विचारा. एक हरवला म्हणून अख्खं किट घ्यावं लागू नये.
- गाडीचं वायरिंग कापावं लागेल असं किट घेऊ नका. वॉरंटीत असलेल्या गाडीला त्याचा त्रास होतो.

८. जवळ काय लागेल

कागद: चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या हवेच्या स्टिकरचा फोटो, गाडीचं मॅन्युअल, सेन्सरचं बिल आणि वॉरंटी कार्ड, आणि प्रत्येक सेन्सरवरच्या आयडी क्रमांकाचा फोटो. तो आतला सेन्सर बसवण्याआधीच काढा, नंतर तो दिसणार नाही.

वस्तू: भरवशाचा हवामापक, किटमधला पातळ पाना, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, खडू किंवा पांढरा मार्कर, जुन्या व्हॉल्व्ह टोप्या. बाहेरच्या सेन्सरसाठी एक सुटा सेल आणि थोडं सिलिकॉन ग्रीस.

टायरच्या बाजूवर ‘मॅक्स’ म्हणून छापलेला आकडा भरू नका. ती टायरची कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीचा आकडा दारावरच्या स्टिकरवर असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांचा आकडा बहुधा वेगळा असतो.

९. बाहेरचा सेन्सर बसवताना

1. सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना, चारही टायर स्टिकरप्रमाणे भरा.
2. सेन्सरवर पुढचा-मागचा, डावा-उजवा अशी इंग्रजी अक्षरं असतात. उजवं-डावं नेहमी चालकाच्या जागी बसून समजायचं.
3. व्हॉल्व्हचे आटे कोरड्या ब्रशने साफ करा. किनारपट्टीला राहत असाल तर आट्यांवर ग्रीसचा नुसता हात फिरवा. व्हॉल्व्हच्या तोंडात ग्रीस जाऊ देऊ नका.
4. आधी चोरीविरोधी नट व्हॉल्व्हवर खालपर्यंत फिरवा. मग सेन्सर हाताने फिरवा. सुरुवातीला हवेचा फुस्स आवाज येईल. तो थांबल्यावर पाव फेरा आणखी. पक्कड लावू नका, आतली रबरी चकती चिरते.
5. सेन्सर एका हाताने धरून नट उलटा, वर फिरवत सेन्सरला भिडवा आणि पान्याने आवळा.
6. साबणाचं पाणी टूथब्रशने तीन ठिकाणी लावा: सेन्सर आणि व्हॉल्व्हच्या सांध्याला, सेन्सरच्या टोपीच्या कडेला आणि देठाच्या मुळाशी. निदान मिनिटभर पाहत राहा. मोठी गळती लगेच फेस काढते. बारीक गळतीत मोहरीएवढा एकच बुडबुडा हळूहळू वाढत जातो.

तिसऱ्या ठिकाणाइतकंच पहिलं ठिकाण महत्त्वाचं, कारण बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो. तो बसला की टायरमधली हवा अडवण्याचं काम पिनचं राहत नाही, सेन्सरमधल्या त्या छोट्या रबरी चकतीचं होतं. सेन्सर दगडाने फुटला किंवा चकती सुकली की हवा सरळ बाहेर.

१०. आतला सेन्सर बसवताना

हे काम टायरवाल्याचं, पण तुम्ही शेजारी उभे राहा. आतले सेन्सर रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा टायरच्या मशीनवरच जास्त फुटतात.

1. बसवण्याआधी चारही सेन्सर स्क्रीनशी जोडलेले आहेत का ते तपासा. प्रत्येक चाकाच्या रिमवर खडूने जागा लिहा.
2. टायरची कड सोडवताना मशीनचं फावडं व्हॉल्व्हच्या जवळ लागता कामा नये. सेन्सर व्हॉल्व्हच्या मागेच, रिमच्या खोलगट भागात असतो. हे टायरवाल्याला काम सुरू होण्याआधी सांगा, आणि पुढे कधी पंक्चरसाठी टायर उतरवायचा झाला तरी दर वेळी सांगा. व्हॉल्व्हवर ‘सेन्सर’ असं छोटं स्टिकर लावून ठेवलं तर उत्तम.
3. सेन्सर रिमला टेकलेला पण दाबलेला नसावा. बऱ्याच सेन्सरचा कोन बदलता येतो, तो रिमच्या उताराप्रमाणे लावून मगच स्क्रू आवळा.
4. धातूच्या देठाचा नट एअर गनने आवळू देऊ नका. त्याचा जोर साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटर एवढाच असतो. नेमका आकडा किटच्या कागदावर पाहा. जास्त आवळला तर देठाला तडा जातो किंवा खालची रबरी चकती फाटते.
5. देठात आलेली पिन निकेलच्या मुलाम्याची असते, तीच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या देठात साधी पितळी पिन घातली तर ती आत गंजून बसते. हाच धोका चमकदार धातूच्या शोभेच्या टोप्यांचा. ती टोपी जाम झाली आणि जोर लावून फिरवली की देठ मोडतो, आणि देठासोबत बहुधा सेन्सरही जातो. आतला सेन्सर असेल तर प्लास्टिकची टोपीच वापरा.
6. बॅलन्सिंग करून घ्याच. आतला सेन्सर साधारण २५ ते ३५ ग्रॅमचा, आणि तो चाकाच्या एकाच बाजूला असतो. बाहेरच्या सेन्सरनंतर बॅलन्सिंग दर वेळी लागतंच असं नाही. ८० ते १०० च्या वेगात स्टीअरिंग थरथरलं तर सेन्सर चाकावर असतानाच करून घ्या.

पंक्चर रोखणारं जेल भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. आतला सेन्सर असेल तर ते भरू नका, त्याचं हवा मोजणारं बारीक छिद्र बुजतं. जेल आधीच असेल आणि बाहेरचा सेन्सर लावायचा असेल, तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असतानाच काम करा. खाली असेल तर जेल पिनमधून सेन्सरमध्ये येतं. ज्या गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट मिळालं आहे, त्यांनी त्या बाटलीतला द्रव सेन्सरला चालतो का ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावं. वापरावा लागलाच तर नंतर टायर आणि सेन्सर धुऊन घ्यावा.

११. इशाऱ्याचे आकडे बसवा

समजा स्टिकरवर ३३ आहे. कमी हवेचा इशारा २८ वर ठेवा. युरोपच्या नियमात हवा २० टक्के घटल्यावर आणि अमेरिकेच्या नियमात २५ टक्के घटल्यावर इशारा लागतो. आपण त्याआधी सावध झालेलं बरं. पण ३० किंवा ३१ ठेवू नका. दुपारी भरलेली हवा थंडीतल्या पहाटे दोन-तीन पीएसआयने कमी दिसते. निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी बीप वाजू लागला, की माणूस बीपकडे लक्ष देणं सोडतो.

जास्त हवेचा इशारा ४१-४२ वर ठेवा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की या टायरची हवा साधारण दीड पीएसआयने वाढते. महामार्गावर ३३ चे ३७-३८ होणं ठरलेलं आहे. वाटेत थांबून तापलेल्या टायरची हवा सोडणं ही मोठी चूक. तो गार झाल्यावर २८-२९ वर येतो, आणि तुम्ही परतीचा प्रवास कमी हवेवर करता.

१२. स्क्रीनवरचा आकडा कसा वाचायचा

हवामापक आणि स्क्रीन यांत एक-दोन पीएसआयचा फरक पडला म्हणून सेन्सर खराब ठरवू नका. बरेच सेन्सर निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचा धरून एकूण दाब, मोजून त्यातून समुद्रसपाटीचा वातावरणाचा दाब वजा करतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे अशी स्क्रीन मापकापेक्षा जवळपास एक पीएसआय कमी दाखवते. महाबळेश्वरला फरक दोनच्या आसपास जातो. चारही चाकांत तो सारखा असेल तर काळजी नको. एकच चाक वेगळं दाखवत असेल तर मापकाने पुन्हा मोजा.

तापमानाच्या आकड्यात मात्र दोन्ही प्रकारांत खरा फरक आहे. आतला सेन्सर टायरमधल्या हवेचं तापमान सांगतो. बाहेरच्याला सतत वारा लागतो, त्यामुळे तो बाहेरच्या हवेच्या जवळपासचा आकडा दाखवतो. बाहेरच्या सेन्सरवर ४० अंश पाहून टायर गार आहे असं समजू नका.

गाडी उभी असताना स्क्रीनवर दिसतात ते बहुधा शेवटचे आलेले आकडे असतात. बॅटरी वाचवण्यासाठी आतले सेन्सर झोपतात आणि गाडी थोडा वेग घेईपर्यंत जागे होत नाहीत. घरातून निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांत आकडे बदलले का, हे पाहायची सवय लावा. मागच्या चाकांचे आकडे वारंवार गायब होत असतील तर सिगारेट सॉकेटमधला स्वस्त चार्जर काढून पाहा. त्याच्यामुळे सिग्नलमध्ये अडथळा येतो.

१३. वर्षभराची देखभाल

बाहेरच्या सेन्सरचे चारही सेल मे अखेरीस, पावसाआधी, एकदमच बदला. झाकण बंद करताना रबरी रिंग खाचेत बसली आहे ना ते पाहा. ती पिळली गेली तर पाणी आत जातं आणि सेल आठवड्यात मरतो. महिन्यातून एकदा प्रत्येक सेन्सर थोडा ढिला करून पुन्हा बसवा, म्हणजे आटे जाम होत नाहीत. किनारपट्टीला तर हे चुकवूच नका.

टायर रोटेशन, म्हणजे चाकांची आपापसांत अदलाबदल, केलं की बाहेरचे सेन्सर काढून अक्षरांप्रमाणे परत लावा. आतले हलवता येत नाहीत, म्हणून स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जागा बदलून घ्या. खात्रीसाठी एका चाकाची पाच पीएसआय हवा सोडा, छोटी फेरी मारा, आणि स्क्रीनवर तेच चाक कमी दिसतं का ते पाहा. मग हवा परत भरा. स्टेपनीत सेन्सर नसतो, त्यामुळे तिची हवा महिन्यातून एकदा मापकाने मोजायला विसरू नका.